केसभर फट, सहा टनांचा धक्का

उघडलेल्या टर्बो इंजिनाचं जुनं हेड गॅस्केट हातात घेऊन उजेडात धरा. पातळ पोलादी पत्रा, त्यात सिलिंडरच्या मापाची गोल भोकं. दोन भोकांच्या मधल्या अरुंद भागावर कधी कधी एक काळी रेघ दिसते, काजळाचं बोट ओढल्यासारखी. ती पाहून मेकॅनिक दोनच शब्द बोलतो, "हेड उचललं." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. त्याचं हे उचलणं डोळ्यांना कधीच दिसत नाही. ते असतं मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढं, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं. पण पेटलेल्या वायूला तेवढी वाट पुरते. तो शेजारच्या सिलिंडरमध्ये घुसतो नाही तर कुलंटच्या वाटेत शिरतो, आणि रेडिएटरच्या बाटलीतून पाणी उसळून बाहेर येतं.

हेडवर नेमका जोर किती येतो, ते टोयोटा सुप्राच्या २जेझेड इंजिनावर मांडून पाहू. तीन लिटर, सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८६ मिलिमीटर, म्हणजे छताचं क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटल्यावर आतला दाब १०० बारला पोचला, की त्या वाटीएवढ्या छताला खालून सहा टनांचा धक्का बसतो. मोठा हत्तीही बहुधा याहून हलका भरेल. फेरे मिनिटाला ६,००० असतील, तर एकेका सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला ५० वेळा बसतो. जपानमध्ये ही गाडी २८० अश्वशक्तीची म्हणून विकली जायची. हौशी लोक त्याच ओतीव लोखंडी ब्लॉकवर मोठा टर्बो चढवून १,००० च्या पुढे गेले. दाब १५० बार झाला, की सहाचे नऊ टन होतात. आणि हेड धरून ठेवायला सहा सिलिंडरांत मिळून बोल्ट फक्त १४, तेही शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी वाटून घेतलेले.

काही प्रेशर कुकरांचं झाकण आतून बसतं. वाफ वाढेल तसं ते आणखी घट्ट होतं. इंजिनाच्या नशिबी ते सुख नाही. इथे झाकण बाहेरून ठेवलेलं, त्यामुळे दाब वाढेल तसा तो झाकणालाच उचलू पाहतो.

मग हे १४ बोल्ट टिकतात कसे? बोल्ट ही मुळात स्प्रिंग आहे. दहा सेंटिमीटर लांबीचा चांगल्या पोलादाचा बोल्ट नीट आवळला, की पाव मिलिमीटरहून थोडा जास्त ताणला जातो, आणि पुन्हा आखूड होण्याच्या धडपडीत हेडला खाली दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीचा असा एक बोल्ट सहा टनांच्या आसपास ओढ धरतो. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव बसवतो, त्यातली ही युक्ती. धाव मुद्दाम जराशी लहान ठेवायची, तापवून फुगवायची, चाकावर चढवून पाणी ओतायचं. चाक रस्त्याला लागण्याआधीच धाव ताणलेली असते.

खरी गंमत याच्या पुढची. स्फोट झाला की बोल्टवरचा ताण एकदम वाढत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, निदान फारसं नाही. बोल्टने हेड आणि ब्लॉक आधीच इतके एकमेकांवर दाबलेले असतात, की स्फोटाचा बहुतेक जोर ती दाबण थोडी सैल करण्यातच खर्च होतो. दाबण शिल्लक आहे तोवर बोल्टला वरच्या गदारोळाची जेमतेम चाहूल लागते. ती शून्यावर आली, की हेड उचलतं आणि सगळा भार बोल्टच्या अंगावर येतो.

म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवणारे आधी बोल्ट काढून स्टड बसवतात. बोल्ट आवळताना तो एकाच वेळी ताणलाही जातो आणि पिळलाही जातो. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवतात, फिरतो तो फक्त वरचा नट. त्यामुळे पीळ कमी आणि ब्लॉकमधले आटेही शाबूत. तरीही टॉर्क रेंचला लावलेल्या जोरापैकी जवळजवळ ९० टक्के नुसत्या घर्षणात जातो. आट्यांना कोणतं वंगण लावलं, यावर सगळा हिशेब फिरतो. स्टडसाठी एल१९ नावाचं एक फार ताकदवान पोलाद वापरतात, पण ते इतकं नाजूक मनाचं, की ओलावा आणि हाताचा घामसुद्धा त्याला बाधतो. हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतं आणि एक दिवस न सांगता तुटतं. नऊ टनांना न डगमगणारी वस्तू बोटांच्या घामाला घाबरते, हे मला अजून पचलेलं नाही.

गॅस्केटही स्प्रिंगच असतं. पोलादी पत्र्यांच्या थरांवर सिलिंडरभोवती उठवलेली वळी हेड किंचित हललं तरी त्याच्या मागे फुगून फट बुजवते. पण मला विचाराल तर पहिला पैसा स्टडवर नको, ट्यूनिंगवर घालावा. पिंगिंग म्हणजे मिश्रण वेळेआधी, आपोआप, फटकन पेटणं. त्या वेळी दाब असा उसळतो, की चांगले स्टडही हार मानतात. हवा थंड ठेवणं, स्पार्क थोडा उशिरा देणं, इथेनॉलसारखं पिंगिंगला सहज न बधणारं इंधन वापरणं, हे सगळं हेड धरून ठेवण्याचंच काम. आपल्या साखर कारखान्यांतून निघतं तेच हे इथेनॉल.

अमेरिकेतल्या ऑफेनहाउझर इंजिनाने मात्र हा प्रश्नच उडवून लावला. त्याचं हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात जोडलेले होते. मध्ये सांधा नाही, गॅस्केट नाही. ब्लॉकला उचलू पाहणारा जोर होताच, पण तो खाली क्रँककेसच्या सांध्यावर जायचा, आणि तिथे जळता वायू अडवायचा नव्हता. १९६८ साली बॉबी अन्सरने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली ती टर्बो लावलेल्या याच इंजिनावर. त्या शर्यतीतला टर्बोचा तो पहिला विजय. पुढे या इंजिनांतून लोक १,००० अश्वशक्ती काढू लागले, तेव्हा नियम करून बूस्टला लगाम घालावा लागला. सांधा नसल्याची किंमत मात्र मेकॅनिक मोजायचे. एक व्हॉल्व्ह बदलायचा तर अख्खा ब्लॉक क्रँककेसवरून उचलून उलटा करायचा, आणि खालून, पिस्टनच्या वाटेने, सिलिंडरच्या तळापर्यंत हात घालायचा.