शत्रुपक्षातील सरदार व सैनिकांना सामील करून घेणे (मराठेशाही)

पराभूत झालेल्या, कैदेत सापडलेल्या किंवा आपल्या धन्यावर नाराज असलेल्या प्रतिपक्षीय योद्ध्यास ठार न मारता स्वतःच्या सेवेत घेणे, ही सतराव्या व अठराव्या शतकांतील दख्खनच्या राजकारणातील रूढ पद्धत होती. मराठे, मोगल, आदिलशाही व निजाम या सर्व सत्तांनी तिचा वापर केला. मराठ्यांच्या इतिहासातील अनेक नामवंत योद्धे आधी दुसऱ्या पक्षात होते. सामील झालेला माणूस नव्या पक्षात टिकेल की नाही, हे मुख्यतः त्याला कोणत्या अटींवर घेतले व त्या अटी पुढे पाळल्या गेल्या का, यावर अवलंबून असे. आधुनिक व्यूहात्मक संगणकीय खेळांतही हीच कल्पना एक महत्त्वाचे नियमतंत्र म्हणून आढळते.

पार्श्वभूमी

त्या काळी सैनिकाची निष्ठा प्रामुख्याने धनी, वतन आणि घराणे यांच्याशी बांधलेली असे. देशमुख, देशपांडे यांसारख्या वतनदारांकडे स्वतःची पथके असत आणि वरची सत्ता बदलली तरी वतन टिकवणे हे त्यांचे पहिले उद्दिष्ट असे. त्यामुळे एखादा वतनदार वळला, की त्याचे पथक, त्याच्या मुलखाची माहिती आणि पुष्कळदा त्याचा किल्लाही त्याच्याबरोबर येई. लढाईत माणसे गमावून जे मिळवावे लागले असते, ते बोलणीतून मिळत असे.

या व्यवहारात ‘कौल’ या शब्दाला विशेष महत्त्व होते. कौल म्हणजे जीविताचे, वतनाचे व मानाचे अभयवचन. किल्ला खाली करणाऱ्या शिबंदीला किंवा शरण येणाऱ्या सरदाराला कौल दिला जाई. याउलट आपल्या पक्षातील माणूस गुप्तपणे शत्रूला मिळाला, तर त्या कृत्यास ‘फितुरी’ म्हणत. एकाच घटनेला एक पक्ष कौल म्हणे आणि दुसरा फितुरी.

शिवकाळ

इ.स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळीचे खोरे जिंकले व चंद्रराव मोरे यांची सत्ता संपवली. मोऱ्यांच्या बाजूने लढणारे मुरारबाजी देशपांडे त्यानंतर महाराजांच्या सेवेत आले. हिरडस मावळातील बांदल घराण्याच्या चाकरीत असलेले बाजीप्रभू देशपांडे हेही याच प्रकारे स्वराज्यात आले. बाजीप्रभूंनी १६६० मध्ये घोडखिंडीत प्राणार्पण केले.

मुरारबाजींच्या बाबतीत हीच पद्धत पुढे उलट दिशेनेही वापरून पाहिली गेली. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह व दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला असता मुरारबाजींनी मोगल फौजेवर चाल केली. त्यांचा पराक्रम पाहून दिलेरखानाने त्यांना कौल देऊ केला व तो त्यांनी नाकारला, असे सभासद बखरीत सांगितले आहे. ते त्याच लढाईत मारले गेले. एकदा पक्ष बदललेला माणूस पुन्हा बदलेलच, असा नियम बांधता येत नाही, हे या प्रसंगातून दिसते.

त्याच वर्षी झालेल्या पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले. संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली आणि मराठ्यांची फौज विजापूरविरुद्धच्या मोगल मोहिमेत सामील झाली. पराभूत प्रतिपक्षाला मनसब देऊन साम्राज्याच्या चौकटीत बसवण्याचा हा मोगली प्रयत्न १६६६ मधील आग्र्याहून सुटकेनंतर निष्फळ ठरला.

नेताजी पालकर यांचे उदाहरण सक्तीच्या समावेशाचे आहे. १६६६ च्या आरंभी पन्हाळ्यावरील अपयशानंतर सरनोबत नेताजी विजापूरकरांकडे गेले. तेथून जयसिंहाने त्यांना मनसब देऊन मोगलांकडे वळवले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाच्या हुकुमाने नेताजींना कैद झाली, त्यांचे धर्मांतर करून मुहम्मद कुलीखान हे नाव ठेवण्यात आले आणि त्यांना काबूलच्या बाजूस पाठवण्यात आले. सुमारे नऊ वर्षांनी दिलेरखानाबरोबर दख्खनमध्ये येताच ते महाराजांकडे परतले. जून १६७६ मध्ये त्यांना पुन्हा हिंदू धर्मात घेण्यात आले.

राजाराम व शाहू यांचा काळ

शिवाजी महाराजांचा कल सैनिकांना रोख वेतन देण्याकडे होता. राजारामांच्या काळात खजिना रिकामा असल्याने वतने व सरंजाम देऊन सरदार जोडावे लागले. औरंगजेबही त्याच सरदारांना मनसबी देऊ करीत होता. त्यामुळे एकाच सरदाराने अनेकदा बाजू बदलल्याची उदाहरणे या काळात मिळतात. मोगलांच्या चाकरीतून काही काळ राजारामांकडे आलेले म्हसवडचे नागोजी माने पुढे पुन्हा मोगलांच्या बाजूस दिसतात. १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपडे यांची हत्या त्यांच्या हातून झाली, असे मानले जाते.

बोलणीच्या मार्गाचे सर्वांत यशस्वी उदाहरण कान्होजी आंग्रे यांचे आहे. शाहू व ताराबाई यांच्या संघर्षात आंग्रे ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांच्यावर पाठवलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच आंग्र्यांनी कैद केले. त्यानंतर १७१३ मध्ये पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी लढण्याऐवजी वाटाघाटी केल्या. १७१४ च्या तहानुसार आंग्र्यांनी शाहूंना छत्रपती मानले व पिंगळ्यांची सुटका केली. त्यांचे सरखेलपद व कोकणातील किल्ले त्यांच्याकडेच राहिले. ही व्यवस्था आंग्र्यांच्या १७२९ मधील मृत्यूपर्यंत टिकली.

नागपूरकर भोसले व मीर हबीब

आजच्या गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीसह वैनगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी यांच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी हे राज्य खालसा केले. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या पूर्वेकडील मोहिमांत शत्रूचा अधिकारी पकडून त्याला आपल्याकडे वळवल्याचे ठळक उदाहरण आढळते.

रघूजींचे कारभारी भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडमार्गे १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले. बर्दवानच्या परिसरात मीर हबीब हा अधिकारी मराठ्यांच्या हाती सापडला. मूळचा इराणी असलेल्या मीर हबीबने पूर्वी ओडिशाच्या कारभारात मोठे पद भूषवले होते. त्याच्या जुन्या धन्याचा अलीवर्दीखानाने पराभव केला होता आणि त्यामुळे अलीवर्दीशी त्याचे वैर होते. तो मराठ्यांना मिळाला. बंगालमधील नद्या, वाटा, बाजारपेठा आणि धनाढ्य घराणी यांची माहिती मराठ्यांना नव्हती, ती त्याला होती. त्याच वर्षी मुर्शिदाबादवर झालेला छापा व हुगळीचा ताबा यांत त्याचा मोठा वाटा होता.

१७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून भास्कररामांची हत्या केली, तरीही मीर हबीब भोसल्यांच्या बाजूने राहिला. १७५१ च्या तहाने बंगालच्या चौथाईपोटी वार्षिक बारा लाख रुपये ठरले आणि ओडिशाचा कारभार मीर हबीबकडे आला. तेथील वसुलीतून भोसल्यांच्या फौजेचा खर्च भागवायचा होता. पुढच्याच वर्षी हिशेबाच्या वादात जानोजी भोसल्यांच्या माणसांकडून तो मारला गेला. दहा वर्षांच्या उपयुक्ततेनंतरही त्याला पूर्ण विश्वास मिळाला नव्हता.

मर्यादा

या पद्धतीतून मिळालेले मनुष्यबळ स्वस्त असले, तरी फुकट नव्हते. नव्याला दिलेले वतन किंवा पद जुन्या सेवकांच्या डोळ्यांत सले. त्याच्या निष्ठेविषयी संशय कायम राही. इब्राहिमखान गारदी हे आधी निजामाच्या सेवेत होते व १७६० च्या सुमारास मराठ्यांकडे आले. पायदळ आणि तोफखाना यांवर विसंबून लढण्याची त्यांची पद्धत अनेक मराठा सरदारांना मान्य नव्हती. तरीही १७६१ मध्ये पानिपतावर ते अखेरपर्यंत लढले आणि पकडले गेल्यावर मारले गेले.

व्यूहात्मक खेळांतील रूप

जपानी बुद्धिबळात, म्हणजे शोगीमध्ये, जिंकलेली सोंगटी खेळाडूला आपल्या बाजूने पुन्हा पटावर ठेवता येते. संगणकीय खेळांत ही कल्पना अधिक विस्ताराने येते. १९९० पासून निघत असलेल्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत ठरावीक पात्राने शत्रूच्या ठरावीक योद्ध्याशी जाऊन बोलल्यास तो पक्षात येतो. त्याआधी तो मारला गेला, तर ती संधी कायमची जाते. याच मालिकेतील १९९९ च्या ‘थ्रेशिया ७७६’ मध्ये शत्रूला जिवंत पकडता येते, परंतु पकडू पाहणाऱ्याचे लढाऊ गुण त्या वेळी निम्मे होतात. ‘टॅक्टिक्स ओगर’ (१९९५) आणि ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ (१९९७) या खेळांत लढाई चालू असतानाच शत्रूचे मन वळवण्याची सोय आहे.

संगणकीय खेळांतील या नियमांत पकडणे हे मारण्यापेक्षा अवघड किंवा जोखमीचे ठेवलेले असते, म्हणून खेळाडूला तात्कालिक विजय आणि भावी बळ यांत निवड करावी लागते. बहुतेक खेळांत मात्र सामील झालेला योद्धा त्यानंतर निष्ठावंतच राहतो. नेताजी पालकरांचे परतणे किंवा मीर हबीबचा शेवट यांसारख्या शक्यतांना त्यांत क्वचितच जागा असते.