उरल्या कापडाचीं बासनें आणि थैल्या

[नभोवाणीवरील भाषण]



आपल्या घरांतील कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा एकदां उघडून पाहावा. हळदीकुंकवाच्या ओटींत आलेले खण, शिंप्यानें परत दिलेले तुकडे, विरलेलें धोतर, मध्येंच फाटलेली चादर, रंग विटलेलें एखादें पातळ, असा संग्रह तेथें बहुधा सांपडतो. तो टाकवत नाहीं आणि उपयोगांतहि येत नाहीं. मागच्या पिढीच्या घरांत असा कप्पा नसे. लुगडें जुनें झालें कीं त्याची गोधडी होई आणि गोधडी विरली कीं तिचें पायपुसणें होई. पुढें युद्धकाळांत, १९४३ सालीं, सुती कापडावर व सुतावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां तर हातभर तुकड्याचेंहि मोल सर्वांना कळलें. आज कापड मुबलक आहे. म्हणूनच तुकडे सांठतात.

या तुकड्यांचें काय करावें हें सांगण्यापूर्वीं माझीच एक चूक सांगतें. आईचा शालू माझ्याकडे आला, तेव्हां तो एका जुन्या धोतराच्या बासनांत गुंडाळलेला होता. तें बासन मला जुनाट वाटलें. मीं तें बाजूला सारलें आणि शालू प्लॅस्टिकच्या बंद पिशवींत घालून ठेवला. हवा लागूं नये, धूळ बसूं नये, हा हेतु. सहा वर्षांनीं एका लग्नासाठीं पिशवी उघडली, तों जरीचे काठ काळवंडलेले आणि घडीच्या रेषेवर रेशीम उकललेलें! आईनें जें वस्त्र चाळीस वर्षें सांभाळलें, तें मीं सहा वर्षांत घालविलें.

कारण अगदीं साधें आहे. रेशमांत आणि सुतांत थोडा ओलावा नेहमींच असतो. सुती कापडांतून तो येतो तसा जातो. बंद प्लॅस्टिकमध्यें तो आंतच कोंडतो. खऱ्या जरींत चांदी असते, आणि दमट हवेंत चांदी लवकर काळी पडते. शिवाय घडी वर्षानुवर्षें एकाच जागीं राहिली कीं तेथील धागे तुटतात. म्हणून बासन सुती असावें आणि दर तीन-चार महिन्यांनीं तें उघडून वस्त्राची घडी बदलावी.

बासनासाठीं वारंवार धुतलेलें पांढरें कापड उत्तम. जुनें धोतर, चादरीचा न फाटलेला भाग किंवा मांजरपाट, यांपैकीं कांहींहि चालेल. मात्र त्याला खळ नसावी, कारण खळीच्या वासावर कसर येते. रंगीत तुकडा घ्यावयाचा असल्यास तो ओल्या पांढऱ्या फडक्यानें चोळून पाहावा. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा या कामीं घेऊं नये. एका साडीस एक मीटरचा चौरस पुरतो. तेवढें कापड सलग नसल्यास दोन तुकडे जोडावेत. चारी कडा दुमडून शिवाव्या आणि एका कोपऱ्याला हातभर लांबीचा बंद लावावा. चौरस तिरका अंथरून मधोमध साडी ठेवावी. आधीं समोरासमोरचे दोन कोपरे, मग तिसरा आणि शेवटीं बंदाचा कोपरा वर घ्यावा व बंद गुंडाळून बांधावा. बाहेरच्या बाजूस लहानशी पट्टी टांचून तिच्यावर आंतील वस्त्राचें नांव लिहिलें, म्हणजे शोधाशोध वांचते. डांबराच्या गोळ्या ठेवावयाच्याच असतील, तर त्या जरीला लागूं देऊं नयेत.

आतां ओटीच्या खणांकडे वळूं. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हांपासून कापडी पिशवीची आठवण पुन्हां सर्वांना झाली आहे. सुती खण ऐंशी सेंटिमीटर लांब व नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचा असेल, तर त्यांतून तीन थैल्या निघतात. कापड आधीं धुऊन घ्यावें, म्हणजे मागाहून आटत नाहीं. चोवीस सेंटिमीटर रुंद व बहात्तर सेंटिमीटर लांब अशी पट्टी कापून मधोमध दुमडावी. प्रथम सुलट बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडांना अर्ध्या सेंटिमीटरवर टीप घालावी. मग थैली उलटवून एक सेंटिमीटरवर दुसरी टीप घालावी. असें केल्यानें कापलेल्या कडा शिवणींत बंद होतात आणि सुटे धागे जिनसांत जात नाहींत. वरचे पांच सेंटिमीटर मात्र दोन्हीकडे न शिवतां मोकळे ठेवावे. त्यांच्या कडा दुमडून टांचाव्या, वरचा भाग आंत मुडपून नेफा शिवावा आणि सेफ्टी पिनेनें नाडी ओवावी. नाडीसाठीं खणाची उरलेली पट्टी पुरते.

या थैलींत किलोभर कांदे किंवा लसूण चांगला राहतो, कारण त्यांना खेळती हवा लागते. बटाटे ठेवावयाचे तर निराळ्या, जाड कापडाच्या थैलींत, अंधाऱ्या जागीं ठेवावे. कांद्यांशेजारीं ठेवूं नयेत. पिठें व डाळी मात्र पावसाळ्यांत डब्यांतच बऱ्या. कापड त्यांना ओलाव्यापासून किंवा किड्यांपासून वांचवीत नाहीं. कृत्रिम धाग्याचे खण या कामास घेऊं नयेत. त्यांच्या थैल्या दोरे, बटणें, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलांच्या सोंगट्या यांसाठीं कराव्या. जाड जीनची विजार जुनी झाल्यास तिचे खिसे कापून एका पट्टीवर ओळीनें शिवावे. दाराआड टांगलें कीं किल्ल्या, कात्री, टपाल यांची सोय होते.

पुष्कळांना जुन्या वस्त्राला कात्री लावण्याचा धीर होत नाहीं. मलाहि होत नसे. परंतु कप्प्यांत पडून राहिलेलें वस्त्र दर पावसाळ्यांत थोडें थोडें जातच असतें, हें मीं आतां पाहिलें आहे. आईच्या शालूचा पदर तेवढा शाबूत निघाला. तो मीं वेगळा करून घेतला आणि त्याच जुन्या धोतराच्या बासनांत बांधून ठेवला आहे. दर चार महिन्यांनीं तो उघडतें, घडी बदलतें आणि पुन्हां बांधतें.