पळण्याआधीची धावपळ

मैत्रिणींनो, पळायला काय लागतं हो? बरे बूट, पहाटे उठायची तयारी आणि घरच्यांचं ‘जा’ म्हणणं. आम्हालाही असंच वाटायचं. पण परगावच्या शर्यतीला जायचं म्हटलं की ते ‘जा’ मिळण्याआधी आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता!

आमचं सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. चार वर्षांपूर्वी आम्ही काही जणी शाळेच्या मैदानावर सकाळी चालायला लागलो. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, कुणी वजन उतरावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणी घरातून तासभर सुटका म्हणून. ओढणी कमरेला बांधून चालता चालता कधी पळायला लागलो ते कळलंच नाही. मग जवळपासच्या दोन-तीन शर्यतींत पळून आलो. पहाटे जायचं आणि दुपारच्या स्वयंपाकाला घरी हजर. त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

आणि मग रत्नागिरीचं निघालं. २०२५ च्या जानेवारीत, समुद्राच्या कडेने पळायचं! सप्टेंबरात फी कमी होती म्हणून आम्ही सहा जणींनी नावं देऊन टाकली. पाच जणी १० किलोमीटरला आणि आमच्यातली बँकेतली ताई २१ ला. राहायचं काय? बघू की नंतर, रत्नागिरीत लॉज काय कमी आहेत!

आमचे हे कॉलेजात असताना मित्रांबरोबर कोकणात गेले होते. एक रात्र एसटी स्टँडवर काढली आणि एक देवळाच्या ओसरीवर. ती गोष्ट ते अजून चवीने सांगतात. आम्हाला म्हणालेही, “एवढं काय टेन्शन घेता? तिथं गेल्यावर मिळतंय काहीतरी.” आता यांना काय सांगायचं! आमच्या गल्लीतल्या वहिनी पहिल्यांदाच बाहेर मुक्कामाला येणार होत्या. त्यांच्या सासूबाईंनी सरळ सांगितलं, “पळ की. मी नको म्हणत नाही. पण रात्री कुठं राहणार, कुणाकडं राहणार, ते आधी सांग. मग जा.”

मला आधी राग आला. वाटलं, नको म्हणायची ही गोड रीत आहे. नंतर पटलं, की प्रश्न बरोबर आहे. माझी मुलगी निघाली असती तर मीही हेच विचारलं असतं.

दिवाळीचा फराळ संपला आणि मी फोन घेऊन बसले. पहिल्या दिवशी नऊ ठिकाणी फोन केले, नऊही फुल! लहान गावातली शर्यत म्हणजे पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे लोक बायकामुलांसह उतरतात. त्यात जानेवारी म्हणजे कोकणात पर्यटकांचा हंगाम. मुरलेले पळणारे तर म्हणे या वर्षी खोली सोडतानाच पुढच्या वर्षीची सांगून जातात. जिथे जागा होती तिथे दर ऐकून पोटात गोळा आला. एरवी पंधराशेला जाणारी खोली चार हजारांना, आणि दोन रात्री घेतल्याच पाहिजेत. एका रात्रीसाठी आम्ही दुसऱ्या रात्रीचे पैसे का द्यायचे?

एका लॉजवाल्याने विचारलं, “बरोबर जेन्ट्स कोण आहेत?”

“कुणी नाही. आम्ही सहा जणीच.”

“मग मालकांना विचारून फोन करतो.” तो फोन अजून यायचाय. दुसरीकडे म्हणाले, “फॅमिली असेल तर देऊ.” मी म्हटलं, अहो, सहा फॅमिलीतल्या सहा जणी आहोत, आणखी किती फॅमिली पाहिजे? त्याला काही हसू आलं नाही.

शेवटी एसटी स्टँडजवळ दोन खोल्या मिळाल्या. मोबाइलवरून दोन हजार आगाऊ भरले, वहिनींच्या घरी पत्ता कळवला आणि आम्ही सुटलो. पण शर्यतीला बारा दिवस असताना त्यांचा फोन आला. “मॅडम, मोठा ग्रुप आलाय. तुम्हाला हातखंब्याच्या बाजूला, हायवेजवळ दुसरी सोय करून देतो.” शर्यत सुटणार सहाला, म्हणजे पाचला तिथे पोचायला हवं. पहाटे रस्ते बंद करणार. म्हणजे चारच्या अंधारात सहा बायकांनी हायवेवर रिक्षा शोधायची! मी नाही म्हटलं. ते दोन हजार परत मिळायला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले. चूक माझीही होती. सगळं तोंडी ठरवलेलं. तारीख, खोल्या किती, दर किती, आगाऊ किती दिले, एवढं चार ओळींत मोबाइलवर लिहून मागितलं असतं तर भांडायला काहीतरी हातात राहिलं असतं.

त्या संध्याकाळी मी सोलकढी करत होते. डोकं ठिकाणावर नव्हतंच. आगळाची बाटली हातात होती, आणि तिच्या चिठ्ठीवर पत्ता दिसला, रत्नागिरी! कोल्हापूरच्या बचत गटांच्या प्रदर्शनात घेतलेली बाटली. खाली मोबाइल नंबर. गॅस बंद करून तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

“खोल्या-बिल्या नाहीत हो आमच्याकडे,” ती म्हणाली. “पण माडी रिकामी आहे. मुलगा मुंबईला असतो. गाद्या घालीन. चालेल का?”

न चालायला काय झालं? पण एकदा तोंड पोळलं होतं, म्हणून सगळं विचारून घेतलं. माडीच्या दाराला आतून कडी आहे का? संडास-बाथरूम कुठे? शर्यत सुटते तिथपर्यंत चालत किती वेळ? वाटेत दिवे आहेत का? शर्यतीनंतर आंघोळीला परत यायला मिळेल ना? या शेवटच्या प्रश्नाकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. बऱ्याच लॉजवर सकाळी नऊ-दहाला खोली सोडावी लागते, आणि आपण घामाने चिंब होऊन परत येतो तेही त्याच वेळेला. तिने सगळ्याची उत्तरं दिली. चालत वीस मिनिटं. मग तिनेच विचारलं, “आमच्याकडे बंब आहे. किती वाजता पेटवू?”

इतक्या फोनांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

पैशांवरून मात्र आमची चांगलीच जुंपली. ती म्हणे, पाहुण्यांकडून पैसे कसे घ्यायचे? मी म्हटलं, आम्ही पाहुण्या नाही, गिऱ्हाईक आहोत. बचत गटाच्या बैठकांत मी हे कितीदा सांगितलं असेल! आगळाची बाटली विकताना आपण बाटलीचे पैसे धरतो, झाकणाचे धरतो, पण स्वतःच्या हातांचे धरत नाही. तिने शेवटी तीनशे सांगितले. मी फोनवरच हिशोब मांडायला लावला. रात्रीचं आणि दुपारचं जेवण, पहाटेचा चहा, बंबाची लाकडं, सहा चादरी धुणं, आणि तिची दोन दिवसांची मेहनत. माणशी सातशेवर ठरलं. तिचे यजमान म्हणाले म्हणे, “आपण काय लॉज उघडलंय काय?” हे तिने आम्हाला नंतर सांगितलं.

राहता राहिल्या वहिनींच्या सासूबाई. त्या माझ्या तोंडच्या पत्त्यावर विश्वास ठेवेनात. “नंबर दे इकडं,” म्हणाल्या आणि स्वतः फोन लावला. तिकडे फोन घेतला तो त्या बाईंच्या सासूबाईंनी. वीस मिनिटं दोघी बोलत होत्या! गुडघे, तांदळाचा भाव, आणि सुनांना लागलेलं हे पळायचं खूळ. फोन ठेवून म्हणाल्या, “घर बरं दिसतंय. जा. पत्ता कागदावर लिहून फ्रिजला लाव.”

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कोल्हापूरला गाडी बदलून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पालीमार्गे निघालो. घाटात दोघींनी खिडकीची जागा मागून घेतली, कारण सांगायला नको. बँकेतल्या ताईंनी गाडीत माहिती दिली, की १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉनच नव्हती. का? तर म्हणे बायकांना एवढं अंतर झेपणार नाही. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, “आणि पाणी आणायला पाठवायचे ते अंतर झेपत होतं!”

शर्यतीचा नंबर आदल्या दिवशी स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. एकीचं आधार कार्ड घरीच राहिलं. मुलाने मोबाइलवर फोटो पाठवला आणि कसंबसं निभावलं.

संध्याकाळी सातला जेवण. मऊभात, मेतकूट, तूप आणि बटाट्याची भाजी. मासे नव्हते म्हणून एक-दोघींची तोंडं पडली. तर ती म्हणाली, “मासे उद्या. आज पोटावर प्रयोग नकोत.” तिने जन्मात कधी शर्यत पळली नव्हती. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना काय वाढायचं हे तिला ठाऊक होतं.

रात्री अकराला वहिनी उठून बसल्या. पाळी आली होती, चार दिवस आधीच. लॉजच्या काउंटरवर बसलेल्या मुलाला काय सांगणार होतो आम्ही? इथे मी खाली जाऊन नुसती हाक मारली. ती गरम पाण्याची पिशवी आणि लागेल ते सगळं घेऊन वर आली. वहिनींच्या शेजारी बसून म्हणाली, “नको वाटलं तर नको पळूस हो. समुद्र कुठे जात नाही.” वहिनी काहीच बोलल्या नाहीत.

साडेतीनला धुराच्या वासाने जाग आली. बंब पेटला होता. नारळाची सोडणं घालून यजमान स्वतः फुंकत बसले होते. साडेचारला चहा आणि एकेक केळं खाऊन निघालो, तर हे गृहस्थ टॉर्च घेऊन पुढे. एक शब्द बोलले नाहीत. मोठ्या रस्त्याच्या दिव्यापर्यंत आले आणि मान हलवून मागे फिरले. वहिनी आमच्याबरोबर होत्या, बूट बांधून.

शर्यतीबद्दल फार काय सांगू? हवा दमट, दुसऱ्या किलोमीटरलाच कुडता पाठीला चिकटला. भाट्याच्या पुलावर समुद्राचा वारा लागला तेव्हा जिवात जीव आला. वहिनींनी १० किलोमीटर एक तास चोवीस मिनिटांत केले. मी त्यांच्या मागे होते, किती मागे ते विचारू नका. ताईंना २१ ला पावणेतीन तास लागले. गळ्यात पदक घालून त्या आधी रडल्या आणि मग पाणी प्यायल्या.

परत येताना एका लॉजच्या पायरीवर तीन मुली दिसल्या. अंगात ओले कपडे, शेजारी पिशव्या. खोली दहाला सोडावी लागली होती. एक जण टॉवेल आडवा धरून दुसरीला कपडे बदलायला आडोसा करत होती. आम्ही त्यांना चला म्हटलं. यजमानीणबाईंनी नऊ जणींना कढत पाणी पुरवलं आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. त्या तिघींचे पैसे घ्यायला ती तयार नव्हती, पण तिथेही मी भांडले.

निघताना तिला सांगितलं, की घरातल्या खोल्या पर्यटकांना देता याव्यात म्हणून सरकारची निवास व न्याहारी योजना आहे, नोंदणी कर. २०२३ मध्ये राज्याने खास बायकांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात बाईच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत देतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कर्ज नको बाई. आधी माडीवर एक बाथरूम होऊ दे.” तेही खरंच. पुढचे महिने कागदपत्रांवरून आमचे फोन होत राहिले. घर सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे त्यांची संमती लागणार होती. ती मिळवण्याचं काम यजमानांनी अंगावर घेतलं. जुलैत अर्ज गेला.

यंदा नाव देण्याच्या आधी मी तिला फोन केला. म्हटलं, आम्ही या वेळी आठ जणी आहोत, वहिनींच्या सासूबाई धरून. त्यांना पळायचं नाही, त्यांना नुसतं ते घर बघायचंय.

“अगं बाई!” ती म्हणाली. “त्या पायरीवरच्या मुलींनी चार गाद्या आधीच सांगून ठेवल्यात. थांब, यांना विचारते, ओटीवर किती मावतील.”