कोणत्या गाडीचा, हा नंतरचा प्रश्न

जुन्या मोटारींच्या दुनियेत एक प्रश्न सतत कानावर येतो: इंजिनाचा हा सुटा भाग कोणत्या गाडीचा? बंद पडलेल्या वर्कशॉपच्या माळ्यावरून किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एखादा कॅमशाफ्ट, पिस्टन किंवा पंपाचं बिडाचं कवच हाती येतं. सोबत खोका नसतो, पावती नसते, सांगणाराही उरलेला नसतो. अशा वेळी गाडीचं नाव विचारावंसं वाटणं साहजिक आहे. पण माझ्या मते ओळख पटवण्याचं काम त्या प्रश्नापासून सुरू केलं की बहुधा भरकटतं. आधी विचारायला हवं ते असं, की हा भाग काय काम करत होता आणि कशा इंजिनात करत होता. गाडीचं नाव त्यातून पुढे निघतं. कधी निघतही नाही, पण तोवर बरंच काही कळलेलं असतं.

याचं कारण त्या काळच्या उद्योगाच्या घडणीतच आहे. ज्याच्या नावाची गाडी त्यानेच इंजिन बनवलं, हा समज सुरुवातीच्या दशकांना लागूच पडत नाही. अमेरिकेत कॉन्टिनेंटल कंपनीची इंजिनं कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत बसत. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्युसेनबर्ग या तिन्ही नावांसाठी लायकमिंगने इंजिनं बनवली. फोर्डला १९०३ पासून १९१४ पर्यंत डॉज बंधू भाग पुरवत होते, त्यामुळे मॉडेल टीच्या सुरुवातीच्या काही भागांवर ‘डीबी’ अशी अक्षरं सापडतात. ती वाचून कोणी डॉज गाडीच्या पुस्तकात शोधत बसला तर तो भाग त्याला सापडणार नाही, कारण डॉज बंधूंची स्वतःची गाडी बाजारात आली तीच १९१४ च्या अखेरीस.

यावर पहिला आक्षेप येतो तो नंबराचा. भागावर आकडे असतात, ते यादीत शोधले की झालं, मग एवढी चिकित्सा कशाला? आकडे मोलाचे आहेत हे खरंच. मात्र ओतकामाचा नंबर आणि सुट्या भागाचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कच्च्या ओतीव तुकड्याचा असतो. त्याच तुकड्यावर वेगळं मशिनिंग करून दोन वेगळे भाग तयार होऊ शकतात आणि विक्रीच्या यादीत त्यांना वेगळेच नंबर मिळतात. तारखेचंही तसंच. शेव्हरोलेच्या ओतीव भागांवर महिन्याचं अक्षर, दिवस आणि सालाचा शेवटचा एकच आकडा अशी खूण असते. ‘बी १४ ६’ म्हणजे १४ फेब्रुवारी, पण १९३६ की १९४६? नंबर तिथे गप्प बसतो. सहा सिलिंडरच्या ब्लॉकवर ही खूण असेल तर मुख्य बेअरिंगांच्या जागा मोजाव्यात: १९३६ पर्यंतच्या इंजिनात त्या तीन होत्या, १९३७ पासून चार झाल्या. दशकाचा निकाल धातूने दिला, नंबराने नव्हे.

नंबर मुळीच नसलेला भाग किती बोलतो, हे पाहायचं तर चार सिलिंडरच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट घ्यावा. आठ लोब, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन वॉल्व्ह. लोबांमधल्या अंतरावरून सिलिंडर एकमेकांपासून किती लांब होते ते कळतं. लोबांच्या तोंडांचे कोन मोजले की स्पार्कचा क्रम मिळतो, आणि इथेच फसगत होऊ शकते. १-३-४-२ हा क्रम उलट्या दिशेने वाचला की १-२-४-३ होतो, आणि हा दुसरा क्रम मॉडेल टीचा आहे. तेव्हा शाफ्ट कोणत्या दिशेने फिरत होता हे ठरल्याशिवाय क्रम ठरत नाही. ती दिशा सांगते झीज. डिस्ट्रिब्युटर किंवा ऑइल पंप फिरवणाऱ्या तिरक्या दात्यांच्या गिअरवर दात्याची एकच बाजू घासून चकचकीत झालेली असते. जोर त्या बाजूने लागत होता. शाफ्टची दिशा कळली तरी क्रँकची कळायला आणखी एक पायरी उरते. क्रँकच्या गिअरला थेट भिडलेला कॅमशाफ्ट क्रँकच्या उलट फिरतो, साखळीने फिरवलेला त्याच दिशेने, म्हणून टोकाला गिअर होता की साखळीचं चाक हेही पाहावं लागतं. लोबांखेरीज आणखी एक गोल, मध्यापासून सरकलेली चकती असेल तर ती बहुधा पेट्रोल पंपाची. मग मॉडेल टी आणि मॉडेल ए दोन्ही बाद, कारण त्या दोघींत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच उतरत असे. गाडीचं नाव अजून निघालेलं नाही, पण शंभर शक्यतांच्या पाच झाल्या आहेत. झिजलेला भाग निरुपयोगी म्हणून फेकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आट्यांचं महत्त्व मला याहूनही मोठं वाटतं. व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा ६०. गेजची पट्टी लावली की देश कळू लागतो. तरीही मॉरिसचं उदाहरण सावध करतं. १९१५ च्या मॉरिस काउलीत अमेरिकेहून आणलेलं कॉन्टिनेंटलचं इंजिन होतं. महायुद्धानंतर त्याच धर्तीचं इंजिन कव्हेंट्रीत हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनू लागलं. तिथली यंत्रं मेट्रिक, म्हणून आटे मेट्रिक. इंग्लंडमधल्या मेकॅनिकचे पान्हे बसावेत म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखाना विकत घेतला, आणि ही पद्धत पुढे एमजी टीसीच्या १२५० सीसी इंजिनापर्यंत टिकली. ज्याने फक्त डोक्याला पान्हा लावून पाहिला त्याला हा बोल्ट इंग्रजी वाटेल, ज्याने फक्त आटे मोजले त्याला फ्रेंच. दोन्ही मोजणाऱ्यालाच मॉरिसचं घराणं सापडेल. आपल्याकडची हिंदुस्तान टेन मूळची मॉरिस टेनच, तेव्हा हे कोडं काही परक्या मुलखातलं नाही.

माप घेतलं म्हणजे उत्तर मिळालं असंही नाही, ते वाचावं लागतं. मॉडेल टीचा बोअर पावणेचार इंचांचा, फिटरच्या भाषेत तीस सूत, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर. तोच ब्लॉक तीस थाऊ ओव्हरसाइज केला की बोअर जवळपास नेमका ९६ मिलिमीटर भरतो, आणि त्याचा पिस्टन युरोपी इंजिनातला वाटू लागतो. म्हणून पिस्टनचा व्यास एकटा कधीच पुरत नाही. पिनेचा व्यास, पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगांच्या खाचा ही मापंही सोबत घ्यावी लागतात.

दुसरा आक्षेप आजचा आहे: फोटो काढून संगणकाला विचारावं, नाहीतर भाग स्कॅन करून नवाच पाडून घ्यावा. फोटोचा उपयोग शोधाची दिशा मिळायला होतो, पण त्यात वजन नसतं, आट्यांचा कोन नसतो, पट्टी शेजारी ठेवली नसेल तर मापही नसतं. स्कॅन त्याहून फसवा, कारण तो झिजेसकट नक्कल करतो. मूळ माप काय होतं हे भाग ओळखल्यावरच कळतं.

भारतात आणखी एक अडचण आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. पुढे आयातीच्या निर्बंधांत जुन्या गाड्या मिळेल त्या भागांवर चालवल्या गेल्या, मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनंही बसली. त्यामुळे ‘अमुक गाडीतून काढला’ ही साक्ष इथे कच्ची धरावी. त्या मेकॅनिकांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळेच गाड्या वाचल्या. पण २०२१ पासून केंद्राच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंद होते ती चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. अस्सल भाग कोणता, हा प्रश्न आता कागदोपत्रीही आला आहे.

तुमच्या घरी, गॅरेजमध्ये असा भाग असेल तर त्याला आधी वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. रॉकेलात भिजवून मऊ ब्रशने पुसा, शेजारी पट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुठून आला ते चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा, आणि त्याच्यासोबतचा गंजलेला बोल्ट मुळीच टाकू नका.