एकोणीस टक्क्यांची तिकिटं

माळ्यावरचा खोका मी खाली काढला तो २०२४ च्या ऑक्टोबरात. नेदरलँड्सच्या नव्या सरकारने सप्टेंबरच्या अर्थसंकल्पात जाहीर केलं होतं की नाटक, मैफल, संग्रहालय आणि पुस्तक यांवरचा मूल्यवर्धित कर २०२६ पासून ९ टक्क्यांवरून २१ टक्के होणार. सिनेमा आणि प्राणिसंग्रहालय मात्र ९ टक्क्यांवरच राहणार. पाणघोडा बघायचा तर स्वस्त, शेक्सपिअर बघायचा तर महाग. द हेगमधल्या एका छोट्या नाट्यगृहात नाशिकची एक मुलगी काम करते. तिचा फोन आला, "ताई, असं याआधी कधी झालं होतं का? आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही."

मी म्हटलं, "अगं, तेरा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. सिनेमाच्या सवलतीसकट."

फोन ठेवल्यावर राग आला तो सरकारचा नाही. सरकारं येतात, कर लावतात. तिच्या ऑफिसात सगळ्यांत जुना माणूस २०१४ साली लागलेला होता, आणि हा योगायोग नव्हता, याचा राग आला. ज्यांना आठवलं असतं त्यांना २०१३ च्या जानेवारीत घरी पाठवण्यात आलं होतं. त्यांच्यात मीही होते.

डच कलाधोरणाचा इतिहास सांगायचा तर थोरबेकेपासून सुरुवात करायची, असा इथला रिवाज आहे. हा डच राजकारणी १८६२ साली संसदेत म्हणाला की कला आणि विज्ञान यांचा न्यायनिवाडा करणं हे सरकारचं काम नाही. त्याला म्हणायचं होतं की सरकारने चांगलं-वाईट ठरवू नये. पुढच्या दीडशे वर्षांत ज्याला पैसे द्यायचे नव्हते त्याने त्याचा अर्थ सोयीने 'पैसेही देऊ नयेत' असा काढला. त्यानंतर नाव घ्यायचं ते एमानुएल बूकमन यांचं. ॲम्स्टरडॅमच्या नगरपालिकेतले हे समाजवादी कारभारी. सरकार आणि कला या विषयावर त्यांनी १९३९ साली प्रबंध लिहिला. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ज्यू असलेल्या बूकमन यांनी पत्नीसह आयुष्य संपवलं. प्रबंध मात्र राहिला, आणि युद्धानंतर या देशाने कलेला जो आधार दिला त्याची बरीचशी मांडणी त्यात सापडते.

पुढचं भराभर. ९ ऑक्टोबर १९६९ ला ॲम्स्टरडॅमच्या नाट्यगृहात तरुण प्रेक्षकांनी नटांवर टोमॅटो फेकले आणि जुन्या कंपन्यांची सद्दी संपली. चित्रकारांकडून चित्रं घेऊन त्यांना उपजीविकेपुरते पैसे देणारी एक सरकारी योजना होती. ती १९८७ साली बंद झाली तेव्हा गोदामांत लाखोंनी चित्रं पडून होती आणि त्यांचं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं. मग चार-चार वर्षांचे आराखडे आले. नव्वदच्या दशकातले ते आराखडे मी नोकरीचा भाग म्हणून वाचले आहेत. दुसऱ्या कुठल्याही कारणाने कुणी ते वाचू नयेत.

मी सांगलीची. राजाश्रय म्हणजे काय हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, हे आमच्या शाळेत पाढ्यांसारखं पाठ करून घेत. माझे वडील राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य करायचे. खर्चाचे पैसे कधी मिळणार हा आमच्या घरात जेवतानाचा कायमचा विषय. त्यामुळे २००३ साली ॲम्स्टरडॅमला आले आणि भारतीय नृत्य-संगीताचे कार्यक्रम आणणाऱ्या एका लहानशा संस्थेत कामाला लागले, तेव्हा मला नवल वाटलं ते अनुदान मिळतं याचं नाही, ठरलेल्या तारखेला मिळतं याचं.

त्याच वर्षी राइक्सम्युझियम, इथलं राष्ट्रीय संग्रहालय, दुरुस्तीसाठी बंद झालं. एका बाजूच्या दालनात निवडक चित्रं लावलेली असत, बाकी सगळं पत्र्याआड. इमारतीच्या पोटातून जाणारा सायकलींचा बोगदा ठेवायचा की नाही यावर गावात वर्षानुवर्षं भांडण चाललं. सायकलवाले जिंकले. मी रोज त्या पत्र्याच्या कडेने कामाला जायचे. ते उघडायला दहा वर्षं लागली, आणि माझी या शहरातली उमेदीची वर्षंही नेमकी तीच.

काय होतं त्या दशकात? पैसा होता, पण पैशापेक्षाही विचारायला माणूस होता. नाटकाची एक राष्ट्रीय संस्था होती. तिथे जुन्या प्रयोगांच्या चित्रफिती, भित्तिपत्रकं, नेपथ्याच्या प्रतिकृती ठेवलेल्या असत आणि परदेशातून येणाऱ्या कंपनीला कुठल्या गावात किती फुटांचा रंगमंच मिळेल हे तोंडपाठ असणारी माणसं बसत. संगीताची तशीच वेगळी संस्था होती. हेरेनख्राख्त कालव्यावरच्या एका जुन्या घरात बूकमन यांच्या नावाने १९६३ साली सुरू झालेल्या प्रतिष्ठानाचं ग्रंथालय होतं, आणि सुदैवाने ते अजून आहे. बुधवारी दुपारी मी तिथे जायचे. एकदा करमणूक कराबद्दल काही शोधत होते. ग्रंथपाल बाईंनी मला पूर्ण बोलूही दिलं नाही. आत गेल्या, कात्रणांची एक फाइल आणून ठेवली आणि म्हणाल्या, "आधी हे वाच, मग तुझा प्रश्न बदलेल." खरंच बदलला.

आणि ट्रोपेनथिएटर होतं. वसाहतींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या, १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या भव्य इमारतीत आपली गाणारी-नाचणारी माणसं यायची. रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या देखरेखीखाली भारतीय संगीत शिकवलं जात होतं. तिथली गोरी मुलं बासरीच्या पिशव्या पाठीला लावून आगगाडीने ॲम्स्टरडॅमला येत आणि मागच्या रांगांत बसून हातावर ताल धरत. समेवर आमच्याकडच्या पाहुण्यांपेक्षा ती जास्त अचूक यायची, हे इथे एकदा कबूल करून टाकते.

आता जुना हिशेब. कपात करणाऱ्यांकडे येईनच, पण आधी आमचाच. शतक बदलताना इथे एक टूम निघाली, कलावंताने उद्योजक व्हावं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक रिक फान डेर प्लूख हे १९९८ ते २००२ संस्कृती खात्याचे राज्यसचिव होते, तेव्हापासून हा शब्द सरकारी कागदांत शिरला तो शिरलाच. अर्जात प्रेक्षकांचे प्रकार मागायला लागले. आमच्या संस्थेला 'नवे प्रेक्षक' किती ते लिहायचं होतं. मी विंगेत उभी राहून मोजायचे : साडी म्हणजे जुना प्रेक्षक, रेनकोट म्हणजे नवा. एका कथकच्या कार्यक्रमाला ऐन वेळी पाऊस आला आणि सगळ्या साड्या रेनकोटातून आल्या. त्या वर्षी आमची प्रगती कागदोपत्री फार चांगली दिसली.

हसण्यावारी नेलं तेव्हा. पण आम्ही सगळेच दहा वर्षं अशी मोजदाद करत होतो. एका युरोचे शहराला किती युरो परत मिळतात, किती पर्यटक येतात, किती गुन्हे कमी होतात. हे शिकवायला सल्लागार यायचे आणि त्यांचं एका दिवसाचं बिल आमच्या तबलजीच्या मानधनापेक्षा जास्त असायचं. नाच का बघायचा, हे सांगायची सवयच मोडली. मग खरोखर मोजणारा माणूस समोर आला तेव्हा आमच्या तोंडात त्याचीच भाषा होती, आणि ती त्याला आमच्यापेक्षा बरी येत होती.

२०१० च्या ऑक्टोबरात रुट्टे यांचं पहिलं मंत्रिमंडळ आलं, उजवे नेते खेर्ट विल्डर्स यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर. विल्डर्स यांच्या लेखी कला हा डाव्यांचा छंद होता. संस्कृती खातं हाल्बे झाइल्स्ट्रा यांच्याकडे गेलं. कलेशी आपलं फारसं नातं नाही आणि या कामाला ते बरंच आहे, असं ते उघड सांगत. वर्षाच्या सुमारे ९० कोटी युरोंपैकी २० कोटी कापायचे ठरले. हळूहळू कापा, असा सरकारच्याच संस्कृती परिषदेचा सल्ला होता. तो बाजूला ठेवला गेला.

२० नोव्हेंबर २०१० ला देशभर लोक जमून ओरडले. खरंच ओरडले, निषेधाचं नावच 'संस्कृतीसाठी किंकाळी' होतं. मी लाइट्सेप्लाइन चौकात होते. घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावर हेरिंगच्या गाडीवर गेले, तर मासे साफ करणाऱ्याने विचारलं, "कोण जिंकलं?" त्याला फुटबॉलचा सामना वाटला होता. वर्तमानपत्रांत तेव्हा छापून आलेल्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा मला तो प्रश्न जास्त आठवतो. गाडी नाट्यगृहापासून शंभर पावलांवर होती.

पुढच्या जूनमध्ये मोर्चा निघाला. २६ तारखेच्या संध्याकाळी रॉटरडॅमहून निघून रात्रभर चालत द हेगला, कारण २७ ला संसदेत चर्चा होती. माझ्या पुढे व्हायोला वाजवणारी एक बाई चालत होती, पाठीवर वाद्याची पेटी. पहाटे पाणी प्यायला थांबलो तेव्हा तिने पेटी उघडली. आत सँडविचं आणि एक स्वेटर. दमट हवेत वाद्य बिघडेल म्हणून घरी ठेवलं होतं. पण आपण कोण हे लोकांना कळायला हवं, म्हणून पेटी आणली होती. संसदेत जे व्हायचं तेच झालं.

१ जुलै २०११ पासून नाटक-मैफलीच्या तिकिटावर ६ ऐवजी १९ टक्के कर लागला. सिनेमावर ६ च राहिला. गंमत म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये विल्डर्स यांनी पाठिंबा काढला, सरकार पडलं आणि १ जुलै २०१२ ला कर परत ६ टक्क्यांवर आला. बरोबर एक वर्ष. कर परत आला, कापलेलं मात्र काही परत आलं नाही.

मोठ्यांना चिमटे बसले, लहानांच्या माना गेल्या. नव्या दिग्दर्शकांना, नर्तकांना घडवणारी निर्मितीगृहं केंद्राच्या अनुदानयादीतून एका फटक्यात बाहेर. कलावंतांना अडीअडचणीत पैसे देणारा कायदा २०१२ च्या पहिल्या दिवशी रद्द. बदल्यात देणगीदारांना सवलत, दिलेल्या रकमेच्या सव्वापट वजावट. आमच्या संस्थेचा चार वर्षांचा अर्ज नामंजूर झाला. निरोप द्यायला आलेल्या सल्लागाराने जाताना लोकवर्गणी गोळा करायचं सुचवलं आणि स्वतःचं बिल ठेवून गेला. नाटकाची आणि संगीताची अशा त्या दोन्ही राष्ट्रीय संस्था २०१२ संपताना बंद झाल्या. चित्रफिती आणि भित्तिपत्रकं ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या संग्रहात गेली, म्हणजे वाचली. रंगमंचाची मापं तोंडपाठ असणारी माणसं कुठल्या संग्रहात ठेवणार? एक आता शाळेत भूगोल शिकवतो.

ट्रोपेनथिएटरही त्याच डिसेंबरात बंद झालं. त्याच्या वरच्या संस्थेचं ग्रंथालय पुढच्या वर्षी गेलं. वसाहतकाळातला संग्रह लायडनला गेला आणि उरलेल्यातली सुमारे चार लाख पुस्तकं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाने नेली, नाहीतर ती रद्दीत जाणार होती. ग्रंथालय जळाल्याबद्दल दोन हजार वर्षं जगाची हळहळ सोसणाऱ्या गावाने हॉलंडची पुस्तकं वाचवली.

१३ एप्रिल २०१३ ला राइक्सम्युझियम उघडलं. ३७.५ कोटी युरो खर्च झाले होते. राणी बेआट्रिक्स आल्या, नारिंगी धूर उडाला. रेम्ब्रांटचा 'रात्रीचा पहारा' आपल्या जागी परत गेला होता. सुंदर झालं आहे, यात वाद नाही. मी बेकार होते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात निवांत बघून आले.

नंतरच्या दशकाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. नोकरीवाले कंत्राटी झाले, कंत्राटी माणसं कोरोनात घरी बसली, मग योग्य मोबदल्याच्या संहिता लिहिल्या गेल्या. झाइल्स्ट्रा पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये राजीनामा देऊन गेले. पुतिन यांच्या बंगल्यात बसून त्यांचं बोलणं आपण स्वतःच्या कानांनी ऐकलं, असं ते सांगत असत आणि प्रत्यक्षात तिथे नव्हतेच. इतक्या वर्षांनी त्यांनाही एकपात्री प्रयोगाचा मोह आवरला नाही, आणि तोही विनाअनुदानित. युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समध्ये तर संस्कृतीच्या कार्यक्रमाचं नाव अधूनमधून बदलतं. २०१४ ते २०२० च्या 'क्रिएटिव्ह युरोप'ला १४६ कोटी युरो होते. आता २०२८ पासून त्याला नागरी हक्कांच्या योजनेत मिसळून 'अगोरा' नावाने ८६० कोटींचा प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये मांडला गेला आहे. आकडा मोठा आहे. पण अर्ज भरताना अडलं तर कुणाला विचारायचं हे कोष्टकात कुठेच नसतं.

नाशिकची मुलगी एका रविवारी घरी आली. खोक्यातले कागद तिने जेवणाच्या टेबलावर मांडले : सभागृहांची पत्रकं, २०११-१२ च्या हंगामातल्या आमच्या तिकीटविक्रीचे हाताने लिहिलेले तक्ते, मोर्च्याचा नकाशा. प्रत्येकाचा फोटो घेतला. त्यातले काही आकडे तिच्या नाट्यगृहाने आपल्या निवेदनात वापरले. शेवटी वरिष्ठ सभागृहातल्या विरोधामुळे संस्कृतीवरची ती करवाढ मागे घेण्यात आली. आमच्या तक्त्यांमुळे नव्हे, बेरीज जमत नव्हती म्हणून.

खोक्याच्या तळाशी ट्रोपेनथिएटरचं एक तिकीट निघालं. शेवटच्या पूर्ण हंगामातल्या सतारीच्या मैफलीचं, मागची रांग, कोपऱ्यात बारीक अक्षरात '१९% करासह'. तिने ते उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे मी ऑफिसात लावायला नेऊ?"

मी तिला नकाशा दिला. तक्तेही दिले. तिकीट माझ्याकडेच आहे.