अभिजात विद्या, छायाचित्रण व आरेख्यक अभिकल्प : विद्यापीठीय अध्ययन

संस्कृत, पाली, प्राकृत इ. अभिजात भाषांतील ग्रंथ व कोरीव लेख यांचा अभ्यास, छायाचित्रणकला आणि ग्राफिक डिझाइन ह्या नावाने परिचित असलेला आरेख्यक अभिकल्प ह्या तीन विषयांचे विद्यापीठीय स्तरावरील अध्ययन. भारतीय विद्यापीठांत पहिला विषय सामान्यतः मानव्यविद्यांत व उरलेले दोन ललित किंवा उपयोजित कलांत मोडतात. त्यामुळे ते परस्परांपासून दूरचे मानले जातात. तथापि अक्षर हा तिन्हींना जोडणारा विषय होय. अभिजात विद्येचा अभ्यासक जुने अक्षर वाचतो, छायाचित्रकार त्याची विश्वसनीय प्रतिमा घेतो आणि अभिकल्पकार ते नव्या वाचकासाठी पुन्हा घडवितो. ह्यांतील एक दुवा कच्चा राहिल्यास मूळ लेख वाचकापर्यंत सदोष रूपात पोहोचतो.

वाशिम परिसरातील साधने : रिसोड तालुक्यातील रिठद हे गाव ज्या वाशिम जिल्ह्यात आहे, तो परिसर ह्या अध्ययनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. ह्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने हरिविजय हे प्राकृत काव्य रचले. ते आज केवळ इतर ग्रंथांतील उल्लेख व अवतरणे यांवरूनच ज्ञात आहे. १९३९ मध्ये वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून उरलेला मजकूर प्राकृतात आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र संपादित केले व तो ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील कारंजा येथील जैन भांडारांत हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तेथील पोथ्यांच्या आधारे हिरालाल जैन यांनी अपभ्रंश काव्ये संपादित केली. पुष्पदंताचे णायकुमारचरिउ हे त्यांपैकी एक (१९३३).

अक्षरापासून छापील पानापर्यंत : शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर पसरून ब्रशाने ठोकून बसवितात व त्यावर शाईचा बोळा फिरवितात. कोरलेला भाग पांढरा राहतो आणि भोवतालचा पृष्ठभाग काळा होतो. छायाचित्र घेताना प्रकाश समोरून पडल्यास उथळ खाचा दिसेनाशा होतात; तो बाजूने तिरपा सोडल्यास खाचांत सावली पडून अक्षर उठून दिसते. मात्र तिरप्या प्रकाशात ताम्रपटावरील गंजाचा खळगाही उठून दिसतो व तो अनुस्वार भासू शकतो. म्हणून लेखाची भाषा जाणणारा छायाचित्रकार निरनिराळ्या दिशांनी प्रकाश देऊन एकाच अक्षराची अनेक चित्रे घेतो. वाकाटकांच्या ताम्रपटांची लिपी बहुधा पेटिकाशीर्षक असते, म्हणजे अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकटी असतात. चौकट हा अक्षराचा अलंकार आणि मात्रा हा अर्थाचा घटक, हा भेद प्रतिमा घेणाऱ्यास व अक्षर पुन्हा रेखाटणाऱ्यासही ओळखता यावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : महाराष्ट्रात ह्या विद्यांचा संबंध एकोणिसाव्या शतकापासून दिसून येतो. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे कोरीव लेख वाचून प्रसिद्ध केले. त्यांत लेणे क्र. १६ मधील, वत्सगुल्म शाखेतील हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा लेखही होता. त्यांचे बंधू नारायण दाजी हे छायाचित्रकार असून १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेचे सदस्य होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ ह्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. रॉबर्ट गिल यांच्या पूर्वीच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनला आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. एकच हस्तकृत प्रत सुरक्षित नसते, हे यावरून स्पष्ट झाले.

मुद्रणक्षेत्रात जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथांसाठी सुबक देवनागरी टंक वापरले. अवघड जोडाक्षरे सुटी न पाडता छापणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. पुढे संगणकाच्या काळात र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अभिकल्प केंद्रात ते अध्यापक होते.

अध्ययनाची रचना : सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये वाणिज्य कलेचा विभाग सुरू झाला. १९६१ मध्ये त्यातून स्वतंत्र उपयोजित कला संस्था निर्माण झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला शाखा स्थापन झाली. त्याच विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अशा रीतीने कला आणि प्राच्यविद्या एका विद्यापीठात आल्या. परंतु एकाच विद्यार्थ्याने दोन्ही शिकण्याचा प्रघात मात्र पडला नाही.

उपयोजित कलेचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर चार वर्षांचा असून त्यात अक्षरलेखन, मुद्राक्षररचना, बोधचित्रण व छायाचित्रण हे विषय असतात. संस्कृत, पाली व प्राकृत यांचे अध्यापन कला शाखेतून होते; रामटेक येथे १९९७ पासून कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. रिठदसारख्या गावातील विद्यार्थी शाळेत असताना शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा देऊ शकतो. पुढे भाषेसाठी अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालय जवळ पडते. प्रमुख शासकीय कलासंस्था मात्र मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. अशा वेळी एका विषयाची निवड म्हणजे बहुधा दुसऱ्याचा त्याग ठरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर अन्य शाखेतील गौण विषय घेण्यास वाव दिला. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास अनुमती दिली. तथापि दोन्ही अभ्यासक्रमांना प्रत्यक्ष हजेरी असल्यास त्यांच्या वेळा भिन्न असाव्या लागतात. कलावर्गातील प्रात्यक्षिके दिवसाचा बराच वेळ घेतात. त्यामुळे एक पदवी मुक्त वा दूरस्थ पद्धतीने घेणे हाच अनेकांना व्यवहार्य मार्ग ठरतो.

मराठी, पाली व प्राकृत यांना २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याने ह्या अध्ययनाचे महत्त्व वाढले आहे. पोथ्या व लेख यांचे अंकीय जतन करताना प्रतिमा घेणाऱ्यास लिपी आणि लिपी जाणणाऱ्यास प्रतिमेचे तंत्र अवगत असणे आवश्यक ठरते. हे दोन्ही जाणणारा अभ्यासक त्या परिसरातीलच असल्यास, कोणत्या घरी वा मंदिरात काय जपून ठेवले आहे, हेही त्याला ठाऊक असते.