काळ्या पट्ट्यांची चाळीस वर्षं

१९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं, आणि पुढच्या काही वर्षांत तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत घरांवर अँटेना दिसू लागले. त्यांच्या मागोमाग आला भाड्याचा व्हीसीआर. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या आदल्या रात्री टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा सगळा संच रात्रभरासाठी आणला जाई. अंगणात टेबल मांडून अर्धी गल्ली समोर बसे. हा पिक्चर आपण पाहिला तेव्हा याहून मोठा होता, ही पहिली कुजबुज याच अंगणांत झाली. पडदा लहान आहे हे सगळ्यांना दिसतच होतं. चित्रातलं काहीतरी कमी झालंय, हे मात्र नीट पाहणाऱ्यालाच कळायचं.

नीट पाहणारे तयार झाले होते ते जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूंत. तंबूबाहेरच्या पोस्टरवर नटनट्यांच्या नावांखाली ‘ईस्टमनकलर’ आणि ‘सिनेमास्कोप’ हे दोन शब्द ठळक असत, आणि लोक ते वाचून तिकीट काढत. स्कोपचा पिक्चर असला की ऑपरेटर प्रोजेक्टरला वेगळी लेन्स लावायचा. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याच्या लेन्सने रुंद दृश्य आडवं दाबून ३५ मिलिमीटरच्या पट्टीत बसवलेलं असतं. प्रोजेक्टरची लेन्स ते पुन्हा उलगडते. ती लावायची राहिली तर पडद्यावरचा नायक उभट, काडीसारखा दिसे आणि तंबूत शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. हॉलिवूडने १९५३ मध्ये ‘द रोब’पासून ही पद्धत रुळवली. आपल्याकडे १९५९ चा गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ हा पहिला सिनेमास्कोप. स्कोपच्या चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट. टीव्हीचा पडदा मात्र चारास तीन, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वापटीहून थोडीच जास्त.

हिशेब सोपा आहे. स्कोपचं चित्र टीव्हीची उंची भरेल असं मोठं केलं तर रुंदीतला ५७ टक्के भागच शिल्लक राहतो. उरलेला ४३ टक्के कुणीतरी कापून टाकलेला असतो. कॅसेट बनवताना एक तंत्रज्ञ ठरवायचा की या क्षणी डावीकडचा माणूस महत्त्वाचा की उजवीकडचा, आणि त्याप्रमाणे चौकट सरकवायचा. ‘कागज के फूल’मधल्या एका गाण्यात छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा झोत सोडला आहे, आणि दोन माणसं त्या झोताच्या आसपास एकमेकांपासून लांब उभी आहेत. मधली ती मोकळी जागाच त्या गाण्याचं सगळं दुःख बोलून दाखवते. चौकट सरकवून एका वेळी एकच माणूस दाखवला की अंतर संपलं आणि मूर्तींचं कामही.

कॅसेटमधली ही कापाकापी ओळखण्याची खूण पाट्यांमध्ये सापडायची. नामावली सुरू असताना नावं कापली जाऊ नयेत म्हणून तेवढा भाग दाबलेलाच ठेवलेला असे. अक्षरं उभट, मागचे घोडे उभट, डोंगर उभट. दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की चित्र एकदम भरायचं आणि माणसं पुन्हा माणसांसारखी दिसायची. तो क्षण ज्याने एकदा हेरला, त्याला पुढचा अख्खा पिक्चर डाव्या-उजव्या कडेला काय गेलं असेल हाच विचार छळायचा.

वाद खरा पेटला तो सीडीच्या काळात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी प्लेअर स्वस्त झाले आणि बसस्थानकांच्या आसपास सीडी भाड्याने देणारी दुकानं उघडली. काही सीडींवर चित्र पूर्ण रुंदीचं असे आणि वर-खाली काळ्या पट्ट्या असत. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सीडी काउंटरवर आपटायचं: “शेठ, पैसे पुरे घेतलाव अन् पिक्चर अर्धाच दिलाव व्हय?” दुकानदार तरी काय सांगणार? तो पुढच्या वेळी फुल स्क्रीनवाली सीडी मागवायचा. केबलवाल्यांच्या व्हिडिओ चॅनेलवरही हेच घडलं. पट्ट्या दिसल्या की फोन सुरू.

या तक्रारीत तथ्य होतं. चौदा इंची टीव्हीवर स्कोपचं पूर्ण चित्र दाखवलं तर त्याची उंची पावणेपाच इंच भरते. दहा माणसं लांबून पाहताहेत, अधूनमधून भारनियमन, त्यात चेहरा अंगठ्याएवढा. शिवाय व्हीसीडीच्या चित्रात मुळात २८८ ओळी, आणि पट्ट्या वजा केल्या की चित्राच्या वाट्याला येतात १६० च्या आसपास. इतक्या कमी ओळींत डोळ्यांतले भाव पुसट होतात. म्हणजे फुल स्क्रीन मागणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला नटाचा चेहरा हवा होता. पट्ट्यांची बाजू घेणाऱ्याला दृश्य हवं होतं. मी पट्ट्यांच्या बाजूचा, आणि आजही त्याच बाजूचा आहे. दिग्दर्शकाने कुणाला कुणापासून किती लांब उभं केलं, हाही पिक्चरचाच भाग आहे, आणि तो कापायचा अधिकार कॅसेट भरणाऱ्याला नाही. अमेरिकेत वुडी ॲलनने आपला १९७९ चा ‘मॅनहॅटन’ व्हिडिओवर पट्ट्या राखूनच आणायला लावला. पुढे तिकडच्या दुकानांत एकाच सिनेमाच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी मिळू लागल्या आणि निवड गिऱ्हाइकावर आली. आपल्याकडे अशी निवड क्वचितच होती. जी सीडी हाती आली, ती पाहिली.

डीव्हीडीने चित्र सुधारलं. ५७६ ओळी, रुंद चित्र साठवण्याची वेगळी सोय आणि वेष्टनावर ‘वाइडस्क्रीन’ असा स्पष्ट छाप. २००७ मध्ये मोझर बेअरने सीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा भाड्याऐवजी विकत घेणं परवडू लागलं. शौकिनांनी त्या काळी वेष्टनाची मागची बाजू वाचायची सवय लावून घेतली.

‘शोले’पाशी मात्र पट्टीवाल्यांनाही थांबावं लागतं. १५ ऑगस्ट १९७५ चा हा सिनेमा सत्तर एमएम म्हणून गाजला, पण सत्तर एमएमचे कॅमेरे परवडणारे नव्हते. चित्रीकरण साध्या ३५ मिलिमीटरवर, जवळजवळ टीव्हीच्याच आकारात झालं. रुंद चित्र नंतर त्यातून वर-खाली कापून घडवलं. म्हणजे चौकोनी चित्रात इथे प्रत्यक्षात जास्त आभाळ, जास्त जमीन दिसू शकते. फुल स्क्रीनवाल्यांचा हा हुकमी एक्का. माझं म्हणणं असं की जास्त दिसतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. प्रेक्षकांपुढे रुंद चित्र न्यायचं हे ठरवूनच छायाचित्रकार द्वारका दिवेचांनी माणसं मांडली होती, आणि तीच चौकट खरी. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात दाखवली गेली, तीही रुंद आकारातच.

मग सपाट टीव्ही आले, सोळास नऊचे, आणि उलटं झालं. आता कापले जाऊ लागले जुने चौकोनी पिक्चर. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला निघतात आणि जिजाई खाली राहते. वर आभाळ, खाली जमीन, सगळा प्रसंग उभ्या दिशेने रचलेला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नकोत म्हणून रिमोटवरून झूम केलं की उंचीतला चौथा भाग जातो. झूम टाळून चित्र ताणलं तर तुकोबा झालेल्या पागनीसांचा चेहरा फुगतो. ‘श्यामची आई’चीही हीच गत. पूर्वी पट्ट्या वर-खाली होत्या, आता डावी-उजवीकडे आहेत. पडदा भरलाच पाहिजे हा हट्ट तोच आहे, फक्त बळी बदलला.

आणि आता तर मोबाईल. परंड्याच्या शेजारच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेला ‘सैराट’ २०१६ मध्ये आला तेव्हा आपल्या भागातली शेतं, विहिरी, केळीच्या बागा पहिल्यांदा एवढ्या रुंद पडद्यावर पाहिल्या. सुधाकर रेड्डी यक्कंटींचा कॅमेरा आमच्याकडच्या सपाट, लांबवर पसरलेल्या मुलखाला साजेसा आडवा चालतो. त्याच सिनेमाचे तुकडे आज रीलमध्ये उभ्या चौकटीत फिरतात. स्कोपचं चित्र नवास सोळाच्या उभ्या पडद्यात भरलं तर शंभरातले चोवीस भाग उरतात. आर्ची ट्रॅक्टर चालवत येते, पण ट्रॅक्टर चौकटीत मावत नाही.

टीव्हीवरचं कापणं निदान तात्पुरतं असतं, मूळ प्रत शाबूत असेल तर. आपल्याकडे ती नेहमी असतेच असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातल्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. नंतरच्या अनेक मराठी सिनेमांची आज घरबसल्या मिळणारी प्रत कॅसेटच्या जमान्यातून उतरवलेली आहे, कडा कापलेली, रंग विटलेले. निर्मात्यांच्या वारसांकडे, बंद पडलेल्या टॉकीजच्या कपाटांत किंवा टुरिंगवाल्यांच्या पेट्यांत जी रिळं अजून असतील, ती वेळीच संग्रहालयापर्यंत पोचवायला हवीत. आणि स्कॅन करणाऱ्याने आधी पूर्ण चौकट उतरवून ठेवावी, टीव्हीत ती कशी बसवायची ते मागाहून पाहावं.